फणसाचा फ्रान्स

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मला मध्ये थांबता येत नाही. बहारीनमधल्या आमच्या मराठी मंडळात माझी एक खास ओळख आहे. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, लोकांनी डोळे पुसत भाषणं केली, आणि मी कुठेही गेलो नाही. निरोप घेऊन तिथेच राहिलेला माणूस मंडळाच्या इतिहासात एकच आहे, आणि तो तुमच्यासमोर बसून चहा पितोय.

सुरुवातीपासून सांगतो. मी चिलरवाला. मोठ्या इमारती थंड ठेवणारी यंत्रं असतात ना, ती सांभाळतो. मूळचा पुण्याचा, पण बहारीनमध्ये चौदा वर्षं झाली. त्या चौदा वर्षांत घरं किती बदलली असतील? सहा. मुहर्रकला विमानतळाशेजारी राहिलो, हमद टाउनच्या राउंडअबाउटांत गरगरलो, आता बुदैयाच्या रस्त्यावर आहोत. घरमालक वाईट होते असं नाही हो. दोन वर्षं झाली की मलाच आतून कसंतरी व्हायला लागतं. रेसिडन्सी रिन्यू झाली की माणसाला बरं वाटायला हवं. मला वाटतं, झालं, अजून दोन वर्षं हेच!

माझी बायको वैशाली शाळेच्या ऑफिसात काम करते. तिने माझी कॅनडाची लाट पाहिली, न्यूझीलंडची लाट पाहिली. कॅनडाच्या वेळी तर मी जुलै महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना, तिघांसाठी लोकरी बनियन आणले होते. ते अजून पलंगाखालच्या पेटीत आहेत. कुणी पाहुणे आले की वैशाली मुद्दाम ती पेटी उघडते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. इथे आमचं सगळं कंपनीच्या व्हिसावर टांगलेलं. माझी नोकरी आहे तोवर घर, गाडी, शाळा. खुर्ची गेली की गुंडाळायचं बिऱ्हाड. आणि आमची लेक सई त्या वर्षी बारावीत जाणार होती.

अशात, जानेवारीत, मिशेल आला.

आमच्या कंपनीने नवीन चिलर मागवला होता, तो चालू करून द्यायला फ्रान्सचा इंजिनिअर येणार होता. मी कोट घालून उभा. समोर आला तो आमच्या सोलापूरकडचा दिसणारा माणूस. सावळा, कुरळे केस, पोट जरा पुढे. पासपोर्ट फ्रान्सचा, राहतो मात्र रियुनियन नावाच्या बेटावर, मॉरिशसच्या बाजूला. त्याच्या आज्याचा आजा मद्रासकडून तिथे उसाच्या मळ्यांवर गेलेला.

तीन आठवडे आम्ही दोघं गच्चीवर एकत्र जेवलो. वैशालीच्या डब्यातली आमटी तो बोटांनी खायचा आणि कढीपत्त्याचं पान बाजूला न काढता चावून टाकायचा. मग फोनमधून घराचे फोटो दाखवायचा. दारात फणस. मागे आंबा. कुंपणाला केळी. पाठीमागे हिरवागार डोंगर, आणि डोंगराखाली फ्रान्सचं पोस्ट ऑफिस! नोटा युरोच्या, पोलीस फ्रान्सचे, निवडणूक आली की मत पॅरिसच्या राष्ट्राध्यक्षाला. खुद्द पॅरिस तिथून नऊ हजार किलोमीटर लांब.

मला सांगा, तुम्हाला हे माहीत होतं? फ्रान्स म्हटलं की आपल्याला थंडी, टोपी आणि लांबडा पाव आठवतो. आणि हा माणूस मला फणसाचा फ्रान्स दाखवत होता.

मी तर पेटलोच. जेवणाच्या सुट्टीत नकाशे काढून बसायला लागलो. जगात अशी बेटं कितीतरी निघाली. कॅरिबियनमध्ये हॉलंडची आहेत, इंग्लंडची आहेत. पॅसिफिकमध्ये अमेरिकेची आहेत, फ्रान्सची तर ढीगभर. मालक कुठे लांब थंडीत कुडकुडतोय आणि ह्यांच्याकडे बारा महिने आंबोळीचं पीठ फुगावं अशी हवा. मला वाटलं, देवाने ही सोय खास माझ्यासाठी केलीय. आतापर्यंत कोणी सांगितलं नाही एवढंच.

मिशेलला सोडायला मी विमानतळावर गेलो. त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "तू ये. तुझ्यासारखा चिलरवाला आमच्या बेटावर नाही. घर मोठं आहे. तू ये, बायकोला आण, मुलीला आण."

खरं तर मी पुण्याचा माणूस. आमच्याकडे जिन्यात उभं राहून "या एकदा निवांत" म्हणतात आणि दार लावून घेतात. मी स्वतः आयुष्यभर शेकडो लोकांना निवांत बोलावलंय, त्यातलं कुणी आलं असतं तर मला घाम फुटला असता. पण त्या दिवशी विमानतळावर माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. "तुझ्यासारखा चिलरवाला आमच्याकडे नाही" हे वाक्य मी उचललं आणि सरळ नोकरीचं बोलावणं समजून खिशात घातलं.

आता हे मी कुणाला सांगितलं असेल? वैशालीला? छे. तिला कागद हातात आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. मी फक्त शरीफभाईंना सांगितलं. शरीफभाई हर्णेचे, मुहर्रकला त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, आमच्या कंपनीचं सामान तिथूनच येतं. कुणाला बोलू नका म्हटलं. त्यांनीही खरंच कुणाला सांगितलं नाही. फक्त घरी बायकोला, झुबेदाभाभींना सांगितलं, कारण भाभींना आमची शिलाई मशीन हवी होती.

इथली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. एखादं कुटुंब आखातातून कायमचं निघालं की त्याला 'फायनल' जाणं म्हणतात. अमुक फायनल चाललेत, असं कानावर आलं की त्यांच्या घरातल्या वस्तूंवर नावं पडायला लागतात. वाईट हेतू नसतो, सगळेच करतात. आमचा सोफा नायरांच्या फायनलमधला. आमचं जेवणाचं टेबल आमच्याकडे येण्याआधी तीन घरांतून निरोप घेऊन आलेलं. चांगली वस्तू असेल तर आधी जाऊन चिठ्ठी लावावी लागते, नाहीतर दुसरा लावतो.

तर त्या गुरुवारी मी पाच वाजता घरी आलो आणि बघतो तर फ्रिजवर पिवळी चिठ्ठी. 'सोमण.' सोमण म्हणजे आमच्याच कंपनीतला अकाउंटंट. दुपारी सोमणवहिनी टेप घेऊन आल्या होत्या. फ्रिजची रुंदी मोजली, दार कोणत्या बाजूला उघडतं ते बघितलं, आणि वैशालीला म्हणाल्या की जाण्याआधी सांगून ठेवलेलं बरं असतं. वैशालीने त्यांना चहा दिला, दार डाव्या बाजूला उघडतं असं सांगितलं, जिन्यापर्यंत सोडायला गेली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आमच्या घरात शांतपणा हा तिच्याच वाट्याला आलाय.

मी विचारलं, हे काय आहे?

"फ्रिज जातोय," ती म्हणाली. "तू कुठे जातोयस तेवढं सांग."

पुढे तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. त्या तीन दिवसांत वॉशिंग मशीनवर चिठ्ठी आली, मिक्सरवर आली, शिलाई मशीनवर तर दोन आल्या. एका वस्तूवर मात्र वैशालीने कुणाला हात लावू दिला नाही. गच्चीवर तेलाच्या पिंपात तिचं कढीपत्त्याचं झाड आहे. सहाही घरं तिने ते बरोबर नेलंय, उन्हाळ्यात त्याला स्वतःच्या ओढणीची सावली बांधते. झुबेदाभाभींनी झाडाचं नाव काढलं तेव्हा ती पहिल्यांदा तोडून बोलली.

चौथ्या दिवशी मी धीर करून मिशेलचे फोटो तिच्यासमोर ठेवले. वैशाली कुडाळची. तिच्या माहेरी दारात फणस होता, रस्ता रुंद झाला तेव्हा तोडला. ती त्या फोटोकडे इतका वेळ बघत राहिली की मला फोन परत मागवेना. मला वाटायचं घरात अस्वस्थ मीच आहे. ती माझ्याहून जास्त होती, फक्त बोलत नव्हती.

"कागद आण," ती म्हणाली. "कागद आला की बॅगा मी भरते. तोवर ऑफिसात एक अक्षर बोलायचं नाही. सईचं वर्ष आहे."

सई तिथेच होती. ती मराठी समजते पण उत्तर इंग्लिशमध्ये देते. तिने मला विचारलं की तिने बारावी कुठल्या भाषेत द्यायची. मी म्हटलं, अगं, फ्रान्समध्ये काय बारावी नसते? ह्यावर तिने आईकडे बघितलं आणि आईने तिच्याकडे.

मी लगेच मिशेलला मेसेज केला: आम्ही यायचं ठरवलंय. त्याचं उत्तर आलं: वा, खोली तयार करतो! बघा हं, खोली! मी समजलो, कंपनीचं क्वार्टर. मी विचारलं, कधी यावं? तो म्हणाला, डिसेंबर-जानेवारीत वादळं असतात, जुलैत या. म्हणजे जुलैचं जॉइनिंग! मी विचारलं, किती काळासाठी? तो म्हणाला, मित्रा, तुला पाहिजे तितके दिवस राहा. आता ह्याला कायमची नोकरी नाही तर काय म्हणायचं? पगाराचं विचारायला मी लाजलो. चांगल्या माणसाशी पहिल्याच फटक्यात पैशाचं बोलू नये, हे माझे संस्कार.

ऑफिसात मी खरंच एक अक्षर बोललो नाही. बोलायची गरजच कुठे होती, सोमण होता ना.

महाराष्ट्र दिन आला. उन्हाळ्यात सगळे रजेवर जातात म्हणून मंडळ निरोप त्याच कार्यक्रमात उरकून घेतं. सेक्रेटरींचा फोन आला की ह्या वर्षी तुमचं एकच नाव आहे, येताय ना? वैशालीने हात जोडून सांगितलं की नाही म्हण. मी म्हटलं, अगं, शाल घेतल्याने काय होतंय?

आता तुम्हाला काय सांगू मी स्टेजवर काय बोललो. माईक हातात आला की माझं हे असं होतं. जगातल्या परदेशी मालकीच्या सगळ्या बेटांची यादी मी लोकांना ऐकवली. मग म्हणालो, चौदा वर्षं वाळू बघितली, राउंडअबाउट बघितले, आता जरा हिरवं बघू द्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिल्या रांगेत, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आमचे साहेब अबू यूसुफ बसलेले मला दिसले. शेजारी सोमण, त्यांच्या कानात भाषांतर करतोय.

अबू यूसुफ इथलेच, बहारीनी. माणूस लाखात एक. ते स्टेजवर आले. आम्हा भारतीयांशी ते हिंदीतच बोलतात.

"चौदा साल," ते म्हणाले. "मैं सोचता था सुहास मेरे को छोड़के कभी नहीं जाएगा. लेकिन फ्रान्स मिला तो मैं भी चला जाता. खलास, जाओ, मैं दुआ करता है. इसका टेन्शन नहीं, मैंने नागपूर से दूसरा इंजिनिअर लिया. उसका व्हिसा कल आ गया."

मला समोर वैशाली दिसत होती. टाळ्या सगळे वाजवत होते, ती नव्हती. तिने मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. त्या क्षणी मी माईक घेऊन सांगायला हवं होतं की साहेब, थांबा, मी राजीनामा दिलेला नाही. पण एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातात घड्याळ. मी हसलो आणि मान डोलावली. आयुष्यातली सगळ्यात महागडी मान ती.

गाडीत वैशाली एवढंच म्हणाली की कागद. घरी येऊन मी तडक मिशेलला फोन लावला. व्हिडिओवर तो, मागे फणस. मी म्हटलं, मिशेल, पत्र पाठव, आता उशीर करून चालणार नाही.

तो म्हणाला, हो हो, पत्र उद्याच नगरपालिकेतून आणतो. पाहुणे पंधरा दिवस माझ्या घरी राहणार असं लिहून देतात, त्यावर तुमचा व्हिसा होईल.

पाहुणे!

मी म्हटलं, आणि नोकरीचं पत्र? त्याला आधी कळेचना. कळल्यावर तो म्हणाला की मित्रा, नोकरी असती तर मी महिनोन्‌महिने घर सोडून तुझ्या बहारीनला, दुबईला, आफ्रिकेला कशाला फिरलो असतो? इथली पोरं शिकली की पॅरिसला जातात, थंडीत राहतात आणि आंब्यासाठी रडतात. माझे दोघे तिथेच आहेत. त्यांच्याच खोल्या तुमच्यासाठी झाडून ठेवल्यात.

त्या माणसाचं 'ये' खरं होतं. तो खरंच ये म्हणत होता, पंधरा दिवस जेवायला-राहायला, दारातल्या फणसाखाली. खोटं काही असेल तर ते माझ्याच कानांच्या मध्ये होतं.

फोन ठेवला तेव्हा वैशाली दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ओरडेल. ती स्वयंपाकघरात गेली, फ्रिजवरची सोमणांची चिठ्ठी नीट बघून आली आणि म्हणाली, "उद्या सकाळी अबू यूसुफांकडे जा. काय म्हणायचं ते म्हण, पाया पड, पण सईची परीक्षा होईपर्यंत आपण इथून हलायचं नाही."

आवाज साधा होता, पण तिचे डोळे भरले होते. चौदा वर्षांत मी तिला सहा घरं हलवायला लावली आणि ती प्रत्येक वेळी ते पिंप घेऊन माझ्यामागे आली. त्या रात्री मी पहिल्यांदा घाबरलो हो. खरंखुरं.

अबू यूसुफांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये दोनदा चहा मागवला. माझं सांगून झालं तेव्हा त्यांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला. नागपूरचा वानखेडे बायको-मुलांसह येतोय, त्याला परत पाठवणं मला जमणार नाही, म्हणाले. माझी खुर्ची खलास. मी उठायला लागलो तसं त्यांनी हाताने बस म्हणून खुणावलं.

"सुहास, तेरे को बेट मांगता था ना?" बेटाला ते जज़ीरा म्हणतात, पण सोमणने भाषांतर करताना त्यांना आपला मराठी शब्द शिकवून ठेवला होता.

तर काय सांगू. बहारीनच्या दक्षिणेला समुद्रात हवार नावाची बेटं आहेत. बोटीने जावं लागतं. मालकी बहारीनची, पण बेट आहे पार कतारच्या कुशीत. तिथे एका हॉटेलचं काम चालू होतं आणि चिलर सांभाळायला कुणीही जायला तयार नव्हतं. रविवारी जायचं, गुरुवारी परत यायचं. व्हिसा शाबूत, घर शाबूत, सईची शाळा शाबूत.

म्हणजे बघा, लांबच्या देशाच्या मालकीचं गरम बेट, चारी बाजूंना समुद्र, कंपनीची खोली. मी जे जे मागितलं होतं ते सगळं अबू यूसुफांनी दिलं. झाड मात्र एक नाही. वाळू, काळे समुद्रपक्षी आणि त्यांची घाण. फोन खिशातून काढला की मेसेज येतो, कतारमध्ये आपलं स्वागत आहे.

चिठ्ठ्या काढायला वैशालीला एक आठवडा लागला. सोमणवहिनी अजून आमच्याकडे आल्या की आधी फ्रिजकडे बघतात. मंडळाचं घड्याळ मी परत द्यायला गेलो तर सेक्रेटरी म्हणाले, राहू द्या, पण एका कुटुंबाला एकदाच निरोप असा नियम आहे, तुमचं होऊन गेलंय. म्हणजे उद्या मी खरंच फायनल गेलो तर हात हलवत जायचं.

एका शुक्रवारी मला तिकडेच थांबावं लागलं, तेव्हा वैशाली आणि सई बोटीने बेट बघायला आल्या. डबा आणला होता आणि कढीपत्त्याचं एक रोप, डब्यात लावलेलं. वैशालीने ते माझ्या खिडकीत ठेवलं, पाणी किती घालायचं ते दोनदा सांगितलं. मग आम्ही किनाऱ्यावर बसून जेवलो. बऱ्याच महिन्यांनी ती माझ्या शेजारी निवांत बसली होती, सई पक्ष्यांचे फोटो काढत होती. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मी बोलून गेलो.

"वैशाली, ती समोर जमीन दिसते ना, ते कतार. तिकडे म्हणे चिलरची मोठी कामं निघालीत."

तिने डब्याची झाकणं लावली, पिशवीत भरली, पदर झटकला. वीस वर्षांत माझ्याशी 'अरे-तुरे'शिवाय न बोललेली माझी बायको बोटीत चढताना मागे वळली आणि गोड हसून मला म्हणाली,

"या एकदा घरी. निवांत."